जर्क रिब्स: मसाला आदल्या रात्री, फळांचा सॉस शेवटच्या वीस मिनिटांत

जमैकाच्या ईशान्य किनाऱ्यावर, पोर्टलँड परगण्यात, बॉस्टन बे नावाचं गाव आहे. जर्क करण्याची, म्हणजे तिखट मसाला चोळलेलं मांस धुरावर भाजण्याची, जुनी रीत तिथे आजही बघायला मिळते. निखाऱ्यांवर पिमेंटोच्या, म्हणजे ऑलस्पाइसच्या झाडाच्या, ओल्या फांद्या आडव्या टाकायच्या, त्यांच्यावरच मसाला चोळलेलं डुकराचं मांस ठेवायचं आणि वरून पत्रा झाकायचा. इंग्रजांनी १६५५ मध्ये स्पॅनिशांकडून बेट घेतलं, त्या धामधुमीत डोंगरात पळालेले आफ्रिकी गुलाम, म्हणजे मरून लोक, रानडुकरं मारून अशी भाजत. मांस मुरवण्याचं आणि धुरावर टिकवण्याचं ज्ञान बेटावरच्या मूळच्या ताइनो लोकांकडचं. ‘बार्बेक्यू’ हा शब्दही ताइनोंच्याच ‘बार्बाकोआ’वरून आला.

या रीतीत मांसावर गोड सॉसचा लेप नसतो, सॉस बाजूला मिळतो. आंबा-अननसाचा चकचकीत लेप दिलेल्या रिब्स, म्हणजे डुकराच्या बरगड्या, ही नंतरची आवड. ती चांगलीच लागते, पण नवशिक्यांची फसगतही तिथेच होते. फळातली साखर आणि उघडा निखारा यांचं जमत नाही. सुरुवातीलाच सॉस लावला तर अर्ध्या तासात बाहेरून काळं, कडू कवच होतं आणि आत मांस चिवट राहतं. म्हणून तिखट, सुगंधी मसाला आदल्या रात्री, धूर दुसऱ्या दिवशी पहिले दोन तास आणि फळांचा सॉस अगदी शेवटी, हा क्रम पाळायचा. खालची सगळी मापं दीड किलो रिब्ससाठी, म्हणजे चार जणांच्या जेवणासाठी आहेत.

कुठल्या रिब्स घ्यायच्या

कण्याला लागून असलेल्या आखूड, वळणदार बरगड्या म्हणजे बेबी बॅक. त्यांच्या खालच्या, पोटाकडच्या लांब, चपट्या आणि जास्त चरबीच्या त्या स्पेअर रिब्स. बेबी बॅकची पट्टी साधारण ७०० ते ९०० ग्रॅमची भरते, स्पेअरची दीड किलोच्या आसपास. पहिल्यांदा करत असाल तर स्पेअर रिब्सच घ्या. त्यांना अर्धा-पाऊण तास जास्त लागतो, पण चरबीमुळे तुमची थोडी चूक त्या पोटात घालतात. बेबी बॅक लवकर कोरड्या पडतात.

मुंबई, पुणे किंवा गोव्यात पोर्कच्या दुकानात गेलात तर आधीच सांगा, “अख्खी पट्टी द्या, तुकडे नकोत.” नाहीतर सवयीने सुरी चालते आणि हातात रश्श्याचे तुकडे येतात. हाडांवर बोटभर जाडीचं मांस हवं. मांसाच्या बाजूने पांढरी हाडं डोकावत असतील तर ती पट्टी नको. फ्रोझन असेल तर एक अख्खा दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सुटू द्या, ओट्यावर नाही.

पट्टी उलटी केली की हाडांच्या बाजूला एक पातळ, चमकदार पापुद्रा दिसतो. तो काढायलाच हवा. शिजल्यावर तो प्लॅस्टिकसारखा होतो, दातांत अडकतो आणि मसाला आत जाऊ देत नाही. टोकाकडच्या दुसऱ्या हाडावर चमच्याची दांडी पापुद्र्याखाली सरकवा, थोडा उचला, मग उचललेला भाग कोरड्या पेपर नॅपकिनमध्ये पकडून एका दमात ओढा. नुसत्या बोटांतून तो निसटतो. बहुतेक वेळा अख्खा निघतो. फाटला तर दुसऱ्या टोकाकडून पुन्हा सुरू करा.

मसाला

जर्कचा जीव तीन गोष्टींत आहे: पिमेंटो, स्कॉच बॉनेट मिरची आणि थाईम नावाचा सुगंधी पाला. बाकी सगळं कमीजास्त चालतं.

जमैकात ज्याला पिमेंटो म्हणतात तो आपल्याकडे ऑलस्पाइस नावाने मिळतो. परदेशात खरेदी करताना लक्ष ठेवा, ‘पिमिएंटो’ लिहिलेल्या बाटलीत गोड लाल मिरची असते, ती वेगळी. आणि इथल्या दुकानात ऑलस्पाइस मागितल्यावर कधीकधी कबाबचिनी, म्हणजे कंकोळ, हातावर ठेवतात. कंकोळाला शेपटीसारखा बारीक देठ असतो आणि चव कापरासारखी, कडवट असते. ऑलस्पाइसचा दाणा गोल, तपकिरी, मिऱ्यापेक्षा थोडा मोठा आणि बिनशेपटीचा असतो. चुरडला की लवंग, दालचिनी आणि जायफळ एकत्र कुटल्यासारखा वास येतो. तयार पूड घेऊ नका, तिचा वास लवकर उडतो.

स्कॉच बॉनेट ही एक ते साडेतीन लाख स्कोव्हिल तिखटपणाची, चेपलेल्या टोपीसारखी दिसणारी मिरची. नुसत्या तिखटासाठी ती वापरत नाहीत. तिला जर्दाळूच्या जवळ जाणारा फळाचा वास असतो आणि तोच सॉसमधल्या आंब्याशी जुळतो. लंडनमध्ये ब्रिक्स्टनच्या बाजारात किंवा टोरोंटोतल्या कॅरिबियन दुकानांत ती सहज मिळते. भारतात हाबानेरो मिळाली तर तीच घ्या, दोघी जवळच्या बहिणी आहेत. तीही नसेल तर सिक्कीम-दार्जिलिंगकडची गोल डल्ले मिरची शोधा, ती व्हिनेगरमध्ये घातलेली बाटलीत मिळते. भूत जोलोकियालाही फळाचा वास आहे, पण ती घेतली तर मापाच्या चौथाईवर थांबा. लवंगी मिरचीने तिखटपणा येईल, वास येणार नाही.

थाईम ताजा नसेल तर सुका चालतो. तोही नसेल तर ओवा अर्धा टीस्पून, त्याहून जास्त नको, कारण थायमॉल हे सुगंधी द्रव्य दोन्हींत असलं तरी ओव्यात ते फार उग्र असतं. पण आपल्या कुंडीतला जाड, लुसलुशीत पानांचा पानओवा बिनधास्त घाला. त्रिनिदादमध्ये हीच पानं ‘स्पॅनिश थाईम’ म्हणून रोजच्या हिरव्या वाटणात पडतात. आठ-दहा पानं पुरतात.

आता मापं. दीड टेबलस्पून ऑलस्पाइस आणि दोन टीस्पून काळी मिरी कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन मिनिटं भाजा. वास सुटला की उतरवा, करपवू नका. गार झाल्यावर भरड कुटा. मिक्सरमध्ये पातीच्या कांद्याच्या आठ काड्या, हिरव्या पातीसकट, एक लहान कांदा, आठ लसूण पाकळ्या, २५ ग्रॅम आलं, दहा-बारा काड्यांची थाईमची पानं (किंवा दोन टीस्पून सुका), तीन स्कॉच बॉनेट, अर्धा टीस्पून किसलेलं जायफळ, अर्धा टीस्पून दालचिनी पूड, दोन टेबलस्पून गूळ किंवा ब्राऊन शुगर, दोन टेबलस्पून सोया सॉस, तीन टेबलस्पून लिंबाचा रस, दोन टेबलस्पून तेल आणि अडीच टीस्पून मीठ घाला. कुटलेला मसाला त्यात टाकून रवाळ वाटा. पाणी घालू नका. तिखट कमी खाणाऱ्यांनी मिरच्या एकच घ्या आणि बियांभोवतीच्या पांढऱ्या शिरा काढून टाका. जळजळ त्या शिरांत असते, बियांत नाही.

मिरच्या कापताना हातमोजे घाला. नसतील तर हातांना तेल चोळा आणि नंतर भांड्यांच्या साबणाने धुवा. मिरचीतलं जळजळणारं कॅप्सेसिन तेलात विरघळतं, नुसत्या पाण्याने जात नाही. मिक्सरचं झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवा, नाहीतर घरभर ठसका.

रिब्स कोरड्या पुसा. वाटणाचा दोन तृतीयांश भाग मांसाच्या बाजूला आणि उरलेला हाडांच्या बाजूला चोळा. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, झाकून, फ्रिजमध्ये १२ ते १८ तास. ॲल्युमिनियम नको, लिंबाने त्याची चव उतरते. चोवीस तासांपलीकडेही नेऊ नका, आंबटामुळे मांसाचा वरचा थर भुसभुशीत होतो.

इथे एक मोह आवरायचा. फळांचा सॉस करणारच आहोत तर अननसही मसाल्यात घालू, असं वाटतं. कच्च्या अननसात ब्रोमेलेन असतं, ते प्रथिनं तोडतं. रात्रभरात मांसाचा लगदा होतो आणि भाजताना तो सावरता येत नाही. कच्च्या पपईचंही तेच. अननस सॉसमध्येच, तोही आधी शिजवून. उष्णतेने हे एन्झाइम निकामी होतं.

चूल आणि धूर

झाकण असलेली गोल ग्रिल सगळ्यात सोयीची. जमैकात रस्तोरस्ती तेलाचं पिंप आडवं कापून केलेला ‘जर्क पॅन’ असतो, तत्त्व तेच. निखारे एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला. मांसाखाली पाणी भरलेला पत्र्याचा ट्रे ठेवा, गळणारी चरबी त्यात पडते आणि भडका उडत नाही. सुरुवातीला सव्वा किलो लाकडी कोळसा पेटवा आणि वर पांढरी राख धरेपर्यंत थांबा. रॉकेल शिंपडून पेटवू नका, वास शेवटपर्यंत राहतो. गच्चीवर किंवा अंगणातच करा. बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत निखारे ठेवणं जिवावर बेततं, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जाळीच्या पातळीवर १२० ते १३५ अंश सेल्सिअस हवं. झाकणावरचा काटा बहुतेकदा जास्त दाखवतो, म्हणून ओव्हनचा छोटा थर्मामीटर जाळीवर मांसाशेजारी ठेवा. तो नसेल तर जाळीच्या उंचीवर तळहात धरा. आठ-दहा सेकंद धरवला तर आच बरोबर, पाच सेकंदांत मागे घ्यावा लागला तर ग्रिलची खालची हवेची खिडकी अर्धी बंद करा. वरची खिडकी पूर्ण उघडी आणि मांसाच्या बाजूला असू द्या, म्हणजे धूर मांसावरून जाऊन बाहेर पडेल. दर पाऊण तासाने आठ-दहा कोळसे टाकावे लागतात.

पिमेंटोचं लाकूड आपल्याकडे मिळत नाही. पेरूचं सुकं लाकूड मिळालं तर फार उत्तम. पेरू आणि पिमेंटो एकाच कुळातले, मिर्टेसी, जांभूळ आणि लवंगही त्यातलीच. मनगटाएवढ्या जाडीचे दोन-तीन तुकडे निखाऱ्यांच्या कडेला ठेवा. शिवाय दोन टेबलस्पून अख्खा ऑलस्पाइस अर्धा तास भिजवून, फॉइलच्या पुडीत बांधून, पुडीला चार भोकं पाडून निखाऱ्यांवर ठेवा. पुडीतून धूर सुटला की बॉस्टन बेच्या बऱ्याच जवळ जाता. गोव्यात किंवा कोकणात मसाल्याच्या बागेत ऑलस्पाइसचं झाड ओळखीचं असेल तर ओली पानं मागून आणा आणि रिब्सखाली पसरा. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, कडुनिंब यांतलं काहीही नको.

धुराचा रंग बघत राहा. पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर चांगला. दाट, पांढरा, डोळ्यांत झोंबणारा धूर निघत असेल तर हवा कमी पडते आहे आणि लाकूड नुसतं धुमसतं आहे. ती काजळी मांसावर बसते आणि जिभेवर कडू लागते. तो निवळेपर्यंत मांस आत ठेवू नका.

शिजवणं

रिब्स अर्धा तास आधी बाहेर काढा. वरचा वाटणाचा जाड थर सुरीच्या पाठीने हलकेच निपटून घ्या, कांद्या-लसणाचे चिकटलेले तुकडे आधी जळतात. हाडांची बाजू खाली, मांस वर, अशी पट्टी निखाऱ्यांपासून लांब ठेवा आणि झाकण लावा. पहिला पाऊण तास उघडू नका. झाकण उघडून बघितलं की दर वेळी पाच-दहा मिनिटांची आच वाया जाते.

दोन तासांनी पृष्ठभाग गडद तांबूस आणि कोरडा झालेला असतो. बोटाने खरवडला तर मसाला निघत नाही. आता पट्टी फॉइलच्या दुहेरी थरात गुंडाळा, आत तीन टेबलस्पून पाणी आणि एक टेबलस्पून रम घाला, रम नको असेल तर सगळं पाणीच. स्पेअर रिब्सना गुंडाळून सव्वा ते दीड तास लागतो, बेबी बॅकना पाऊण तास.

गुंडाळायचं कारण असं. मांस ६५ ते ७५ अंशांवर आलं की बराच वेळ तिथेच अडकतं. पृष्ठभागावरचा ओलावा उडतो आणि घामासारखा मांसाला गार करतो. काही बिघडलं असं वाटून माणूस निखारे वाढवतो, आणि रिब्स चिवट होतात त्या इथेच. फॉइलमध्ये ओलावा उडत नाही, म्हणून तापमान पुढे सरकतं. याच टप्प्यापासून हाडांभोवतीचं चिवट कोलॅजन हळूहळू मऊ जिलेटिन बनतं, आणि त्याला फक्त वेळ लागतो. जंतूंच्या दृष्टीने पोर्क ७१ अंशांना सुरक्षित होतं, पण रिब्स मऊ होतात त्या ९० ते ९५ अंशांना.

प्रेशर कुकरचा विचार मनात येतोच. कुकरमध्ये पाण्यात उकडलेल्या रिब्स मऊ होतात, पण मसाला पाण्यात उतरतो आणि धूर धरणारा कोरडा पृष्ठभाग तयारच होत नाही. वेळच नसेल तर स्टँडवर, पाण्याला न टेकवता, प्रेशर आल्यावर मंद आचेवर बारा मिनिटं वाफवा आणि मग तासभर धुरावर ठेवा. हे दुसऱ्या पसंतीचं काम आहे, पण रिब्स न करण्यापेक्षा बरं.

ओव्हन असेल तर १४० अंशांवर, फॉइलने घट्ट झाकून, स्पेअर रिब्स तीन तास आणि बेबी बॅक अडीच. छोट्या ओटीजीत पट्टी मावत नसेल तर दोन हाडांमधून कापून अर्धी करा. धुराचा वास नसेल, म्हणून मसाल्यात ऑलस्पाइस अर्धा टेबलस्पून वाढवा.

सॉस

रिब्स धुरावर असताना सॉस करा. आंबा मूळचा आपल्याकडचा. १७८२ मध्ये इंग्रजांनी पकडलेल्या एका फ्रेंच जहाजावरच्या रोपांतून तो जमैकात पोचला. त्या रोपांना क्रमांक दिलेले होते आणि ‘नंबर इलेव्हन’ नावाचा आंबा तिथे आजही खातात.

जाड बुडाच्या कढईत एक टेबलस्पून तेलावर एक लहान कांदा आणि चार लसूण पाकळ्या, दोन्ही बारीक चिरून, रंग न बदलता मऊ करा. दोनशे ग्रॅम किसलेला अननस आणि एक इंच किसलेलं आलं घालून आठ मिनिटं शिजवा, अननसाचं पाणी आटलं पाहिजे. मग तीनशे ग्रॅम आंब्याचा रस, पन्नास ग्रॅम गूळ, दोन टेबलस्पून दाट चिंचेचा कोळ, ६० मिली व्हिनेगर, अर्धा टीस्पून ऑलस्पाइस पूड आणि एक टीस्पून मीठ. हंगामात हापूसचा रस, एरवी डब्यातला. डब्यातल्या रसात बहुतेक वेळा साखर असते, तेव्हा गूळ निम्मा करा.

मिरचीसाठी जमैकन स्वयंपाकघरातली युक्ती वापरा. राइस अँड पीजच्या भातात किंवा सूपमध्ये तिथे स्कॉच बॉनेट अख्खी, न चिरता, वर तरंगती सोडतात. वास पूर्ण उतरतो, तिखट थोडंच. सॉसमध्येही अख्खी सोडा आणि दहा मिनिटांनी चव घ्या. पुरेसं वाटलं तर फुटण्याआधी देठ धरून बाहेर काढा. जास्त हवं असेल तर चमच्याने कढईच्या कडेला दाबून फोडा.

मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, सतत ढवळत. आंब्याचा रस दाट झाला की फटफट उडतो आणि भाजतो, म्हणून लांब दांडीचा डाव घ्या आणि अर्धवट झाकण ठेवा. डाव बाहेर काढून त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघेच्या कडा मिटल्या नाहीत तर सॉस झाला. आच बंद करा, ४५ मिली डार्क रम घाला, पुन्हा दोन मिनिटं उकळा, शेवटी एक टेबलस्पून लिंबाचा रस. साधारण अर्धा लिटर होतो.

आत्ताच दोन वाट्यांत वेगळा करा. एकातला मांसावर लावायला, दुसऱ्यातला ताटात वाढायला. ब्रश बुडवलेली वाटी टेबलावर आणायची नाही. कच्च्या मांसाचं उरलेलं वाटणही सॉसमध्ये घालायचं नाही.

शेवटची वीस मिनिटं

फॉइल उघडताना वाफ तोंडावर येते, जपून. आतला रस वाटीत काढून चाखा. खारट नसेल तर दोन-तीन चमचे लावायच्या सॉसमध्ये मिसळा.

पट्टी पुन्हा निखाऱ्यांच्या लांबच्या बाजूला ठेवा आणि सॉसचा पातळ हात फिरवा. दहा मिनिटं झाकण. दुसरा हात, पुन्हा दहा मिनिटं. जाड एकच थर दिला तर वर कातडी धरते, खाली ओला राहतो आणि उचलताना सगळा ओघळतो. दोन पातळ हात दिले की कडेकडेने बारीक बुडबुडे येतात, फुटतात आणि त्यांच्या जागी काचेसारखी चकाकी बसते. चकाकीत तपकिरी ठिपके दिसू लागले की थांबा. ठिपके काळे व्हायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

झाल्या की नाही हे बघायला चिमट्याने पट्टी एका टोकापासून एक तृतीयांशावर धरून उचला. दुसरं टोक खाली झुकून मधल्या मांसाला वरून बारीक चीर पडली तर झाल्या. पट्टी ताठ राहिली तर अजून पंधरा-वीस मिनिटं. वाकताना तुटलीच तर जास्त झाल्या. हाडांची टोकं साधारण एक सेंटिमीटर उघडी पडलेली दिसतात. मांस हाडावरून आपोआप गळून पडतं ही अनेकांना कौतुकाची गोष्ट वाटते, पण तशा रिब्स जास्त शिजलेल्या असतात. दातांनी ओढल्यावर सुटाव्यात आणि हाड स्वच्छ निघावं.

दहा मिनिटं थांबून हाडांच्या मधोमध कापा. मांसाची बाजू खाली ठेवली तर हाडं दिसतात आणि सुरी अडत नाही.

सोबत जमैकात मक्याच्या पिठाचे तळलेले गोडसर ‘फेस्टिवल’ असतात, किंवा भाजलेलं ब्रेडफ्रूट. ब्रेडफ्रूट म्हणजे कोकण-गोव्यातला नीरफणस. पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावरची रोपं घेऊन इंग्रज कॅप्टन ब्लाय १७९३ मध्ये जमैकात पोचला तेव्हापासून तो तिथला झाला. आपण त्याचे काप तळतो, तिथे अख्खा भाजतात. देठाजवळ सुरीने खोल फुली मारा, म्हणजे फुटणार नाही, आणि रिब्स फॉइलमध्ये गेल्या की निखाऱ्यांच्या कडेला ठेवून दर पंधरा मिनिटांनी फिरवा. तासाभरात साल काळी होते आणि फुलीतून वाफ येते. साल तासून, मधला गाभा काढून, जाड फोडी करा आणि गरम असतानाच वाढा, गार झाल्या की घट्ट होतात.